खोर फक्कानचा वाचक

"'उद्धट' म्हटलं तर जास्त कडक होतं का गं?" मम्मीने विचारलं, आणि जोआनाचा टोस्ट तोंडापर्यंत जायच्या आधीच थांबला. सकाळचे पावणेसात झाले होते. आखातात, अल बर्शातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या किचनमध्ये मम्मी गाऊनवर स्वेटर घालून बसली होती, कारण एसी तिला सोसत नसे आणि बंद केलेला जोआनाला चालत नसे. पुढ्यात टॅब, नाकावर वाचायचा चष्मा, कानातलं मशीन अजून बशीतच, म्हणून आवाज नेहमीपेक्षा मोठा. "कुणाला लिहितेयस?" जोआनाने तोंड तिच्यासमोर नेऊन विचारलं. तिला ठाऊक होतं. "तोच. खोर फक्कानवाला. 'तुमचा प्रश्न उद्धट आहे' असं लिहिलंय मी. पोरगा दुखावेल का?" "उद्धट असेल तर उद्धटच म्हणायचं." "तसा वाईट नाहीये गं तो. एकटा पडलाय म्हणून बोलतो तसं." जोआनाने घड्याळ पाहिलं. मेट्रो, मग कंपनीची व्हॅन, मग रास अल खोरच्या गोडाऊनमधला दिवस. "'अधीर' लिही मग," ती म्हणाली. मम्मीने मान तिरकी करून तो शब्द जिभेवर घेतला. छत्तीस वर्षं वसईच्या शाळेत मराठी शिकवलेली बाई ती. "अधीर. हां, हे बरंय. माझी बाय हुशार." आणि ती पुन्हा टॅबवर वाकली, उजव्या हाताच्या एकाच बोटाने एकेक अक्षर टिपत. जोआना बूट घालताना "येते" म्हणाली. मशीन बशीत होतं.

दुपारी तीनला मम्मी मॉलमधल्या मासळीच्या काउंटरसमोर पडली आणि ॲम्ब्युलन्स यायच्या आधीच संपली. नंतर कित्येक दिवस जोआनाला लोकांनी विचारलं, सकाळी निघताना काय बोलणं झालं होतं, काही म्हणाल्या का टीचर, आणि ती सांगत राहिली की नाही, विशेष काही नाही, नेहमीचंच. ते खोटंही नव्हतं. गेले अकरा महिने त्यांच्या घरात सकाळी तेच नेहमीचं होतं. मम्मी खोर फक्कानवाल्याला उत्तर लिहायची, एखाद्या शब्दावर अडायची, जोआना तो शब्द सुचवायची. आणि खोर फक्कानवाला जोआनाच होती.

सुरुवात अगदी फुटकळ होती. स्टॅनलीने एक पान चालवलं होतं, इंटरनेटवर, आखातातल्या मराठी कॅथलिकांसाठी. स्टॅनली वसईचाच, एका हॉटेलात बँक्वेटचा मॅनेजर, आणि प्रार्थनामंडळात सगळे त्याला ब्रदर म्हणत. ("बायको आणि दोन मुलं असून ब्रदर," मम्मी म्हणायची, पण त्याच्याकडे जायची दर शनिवारी न चुकता.) या मंडळाने 'कापणीची तुतारी' नावाची एक कादंबरीमाला मागवली होती, नऊ भागांची, जाड, मुखपृष्ठावर जांभळे ढग. गोष्ट अशी की एक दिवस तुतारी वाजते आणि खरे विश्वासू तत्क्षणी वर उचलले जातात. लग्नाच्या हॉलमधून नवरी जाते, खुर्चीवर नुसती साडी उरते; नवरा राहतो, कॅटरर राहतो, अर्धी पंगत राहते. मग मागे राहिलेल्यांवर सात वर्षं जे काय कोसळतं ते पुढच्या आठ भागांत. चर्चमधल्या फादरनी एकदा स्पष्ट सांगितलं की हे आपलं शिक्षण नव्हे, अशी गुपचूप उचलाउचली आपल्या श्रद्धेत कुठे बसत नाही. "कादंबरीच आहे, फादर," स्टॅनली म्हणाला. मम्मी घरी आल्यावर म्हणाली, "फादरना काय. त्यांच्या मागे कोण राहायचंय?"

प्रत्येकाने भाग वाचला की पानावर अभिप्राय द्यायचा आणि पाचपैकी तारे, असा नियम होता. जोआनाने ते पान पहिल्यांदा उघडलं ते मेट्रोत उभ्याने. खूप छान. डोळ्यांत पाणी आलं. एका बैठकीत वाचलं, भाजी करपली. तिसऱ्या भागाचा टाईप फार बारीक आहे. माझ्या मिस्टरांनी हे वाचून दारू सोडली, आठ दिवस. प्रभू येत आहे, तयार राहा, पाच तारे. आणि त्यांच्यात मम्मीचा अभिप्राय, सुवाच्य, परिच्छेद पाडलेला, उताऱ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर लिहावं तसा. जोआनाला एकदम राग आला. कशाचा, ते तिने त्या वेळी स्वतःला विचारलं नाही. ती लहानपणापासून वाचत आली होती ते मम्मीमुळेच. शाळेच्या लायब्ररीच्या कपाटाची किल्ली मम्मीच्या पर्समध्ये असायची आणि मे महिन्याच्या सुट्टीत ते कपाट म्हणजे जोआनाचं राज्य. त्या बाईने म्हातारपणी हे वाचावं, आणि पाच तारे द्यावेत? तिने तिथल्या तिथे लिहिलं: 'या पुस्तकात हजारो माणसं नाहीशी होतात आणि लेखकाला त्यांतल्या एकाचंही नाव ठाऊक नाही. त्याला माणसांची मोजदाद हवी आहे, ओळख नको.' नाव लिहायची जागा आली. आदल्या आठवड्यात बंदरात अडकलेल्या कांद्याच्या कंटेनरपायी ती खोर फक्कानला जाऊन आली होती. डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरलेले आणि मध्येच उभ्या केलेल्या निळ्या क्रेन. तिने लिहिलं, खोर फक्कानचा एक वाचक. एक तारा.

दुसऱ्या दिवशी चहाला मम्मी फणफणत होती. "एका मेल्याने काय लिहिलंय बघ. शहाणा." पण चहा थंड होईतो तिने ते चार वेळा वाचलं आणि शेवटी म्हणाली, "ओळख नको, मोजदाद हवी. वाक्य बरं आहे हो." त्या एका वाक्याने जोआनाचा घात केला. तेव्हाच सांगितलं असतं तर दोघी हसल्या असत्या आणि खलास. तिने सांगितलं नाही. मम्मीने उत्तर दिलं, त्याने प्रत्युत्तर दिलं. मम्मीने त्याला विचारलं की तुम्ही पुस्तक पूर्ण वाचलंत की नुसतं चाळलंत; त्याला मग पूर्ण वाचणं भाग पडलं. जोआनाने नऊच्या नऊ भाग वाचले, मेट्रोत, ब्राऊन पेपरचं कव्हर घालून, एखादीने चोरून सिगारेट ओढावी तसे. वाईट होते ते, यात शंका नव्हती. पण चौथ्या भागात एक दातांचा डॉक्टर होता, त्याचे अर्धे पेशंट उचलले गेलेले, तरी तो रोज सकाळी दवाखाना उघडतो, वहीतलं नाव पुकारतो, पाच मिनिटं वाट पाहतो आणि पुढचं नाव पुकारतो. ते पान वाचताना तिचं स्टेशन मागे पडलं. खोर फक्कानवाल्याने मात्र चौथ्या भागालाही एकच तारा दिला. मम्मीने लिहिलं, 'दंतवैद्याबद्दल आपण काहीच म्हटलेलं नाही, याचा अर्थ तो आपल्याला आवडला.' अशी होती ती. समोरच्याच्या गप्प बसण्याचेही मार्क द्यायची.

मम्मीने त्या माणसाला हळूहळू एक अख्खं आयुष्य दिलं. तो क्रेनवर काम करतो. रत्नागिरीकडचा असावा, भाषेवरून. लग्न झालेलं नाही, किंवा झालं आणि मोडलं. खोलीत सहा जण, वाचायला दिवा नाही. "त्याची आई नाहीये," एकदा ती भाजी निवडताना म्हणाली. "कशावरून?" "असती तर एवढा वाद परक्या बाईशी कशाला घालता?" जोआना फ्रिज उघडून उभी राहिली, थंड वारा पोटावर घेत. हळूहळू तिला त्या माणसाचा हेवा वाटायला लागला होता. मम्मी त्याच्याशी मरणावर बोलायची, देवावर बोलायची, पप्पांच्या शेवटच्या महिन्यावर बोलायची, जे तिने जोआनाशी कधीच काढलं नव्हतं. पप्पा, म्हणजे बाप्टिस्ट, जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर मम्मी इथे आली, आईवडिलांच्या व्हिसावर, दर वर्षी रिन्यू करायच्या. त्या सहा वर्षांत दोघींचं बोलणं गॅसवर काय ठेवलंय आणि कुठला फॉर्म भरायचाय एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. आणि त्याला लिहिताना ती सांगायची, 'माझे यजमान शेवटी मला ओळखत नव्हते, नर्सला माझं नाव विचारायचे, आणि मला तेव्हा प्रभूचा राग आला होता, तो मी अजून कबुलीत सांगितलेला नाही.' जोआनाने हे वाचलं ते ऑफिसच्या टॉयलेटमध्ये. बाहेर बरोबर काम करणारी हेमा दार वाजवत होती, "यल्ला जोआना, लवकर, कस्टमवाल्याचा फोन आहे." खोर फक्कानवाल्याने त्या रात्री उत्तरात लिहिलं, 'रागाची कबुली कशाला द्यायची, तो खरा होता.' मम्मी चार दिवस खुशीत होती. ईस्टरला तिने सुक्या बोंबलाच्या लोणच्याची बाटली भरली आणि स्टॅनलीला त्याचा पत्ता शोधायला सांगितलं. खोर फक्कानवाल्याने मोठ्या नम्रपणे लिहिलं की आपण मासळी खात नाही. "वसईच्या बाईला सांगतो, मासळी खात नाही," मम्मी म्हणाली, आणि ती बाटली महिनाभर जोआनाला खायला लागली. हे सगळं हसण्यासारखं होतं आणि जोआना मनातल्या मनात हसायचीही. पण ऑगस्टमध्ये मम्मीने पासपोर्ट टेबलावर ठेवून विचारलं, "यंदा व्हिसा करायचा का परत? की मी आपली गावाला जाऊ? तुझी पण ओढाताण होते," तेव्हा खोर फक्कानवाल्याजवळ याचं काही उत्तर असतं. जोआना म्हणाली, "बघ, तुझी इच्छा." मम्मीने पासपोर्ट उचलला, कव्हरवरून हात फिरवला. "करून टाक मग. मेडिकलचे पैसे भरलेत, ते कशाला फुकट घालवायचे," ती म्हणाली.

तो व्हिसा रद्द करायला जोआनाला एका काउंटरसमोर उभं राहावं लागलं. माणूस इथे मेला की त्याला आधी कागदावर मरावं लागतं, मगच विमानात चढता येतं. ती एकटी नव्हती. स्टॅनलीने पाच दिवस रजा टाकली होती. शवागारात, पोलिसांत, कॉन्सुलेटच्या रांगेत तो होता, हातात पारदर्शक फोल्डर, तिला पाण्याची बाटली उघडून देत, "जोआना, दोन घोट घे, यू हॅव टू." त्याने पेटीला आतून कुठलं कापड लावतात ते विचारलं होतं, तिला सुचलं नसतं ते. हे ती विसरली नव्हती आणि विसरायची तिची इच्छाही नव्हती. वसईला पप्पांच्या शेजारी मम्मीला पुरलं, फुलं घातली, सातव्या दिवसाची मिस्सा झाली. भेटायला आलेली प्रत्येक बाई म्हणाली, प्रभूने नेलं, तयारीत होत्या टीचर. दरवाजात, अंगणात, चहाच्या कपांवरून तेच. तयारीत होत्या. जोआना मान हलवत राहिली. मान हलवायची एक सवय लागते माणसाला, दुःखात तर फारच लवकर.

मम्मीचा शेवटचा अभिप्राय तिने वाचला तो परतीच्या विमानात. मम्मी गेली त्याच दिवशी दुपारी पावणेबाराला तो पानावर आला होता आणि त्याचा मजकूर जोआनाच्या ईमेलमध्ये येऊन पडला होता. त्या वेळी ती कांद्याच्या कागदांत बुडालेली होती, संध्याकाळी मेट्रोत वाचू म्हणून तिने फोन पालथा घातला होता. बारा दिवस ते पत्र न उघडता तसंच होतं. सीटबेल्टचा दिवा विझल्यावर तिने ते उघडलं.

'खोर फक्कानच्या वाचकास,' मम्मीने लिहिलं होतं. 'तुमचा प्रश्न अधीर आहे, पण रास्त आहे. तुम्ही विचारता, जे उचलले गेले त्यांना मागच्यांची आठवण येते की नाही, आणि येत असेल तर तो स्वर्ग कसला. नऊ भाग वाचले, लेखकाने याचं उत्तर दिलेलं नाही. मी देते. जूनमध्ये एका दुपारी मी कानातलं मशीन काढून झोपले होते. उठून कॉरिडॉरमध्ये आले तर सगळी दारं उघडी. शेजारच्या शहनाझच्या उंबऱ्यात एक चप्पल सुलटी, एक पालथी. आत गॅसवर दूध उतू चाललेलं. हाका मारल्या, कोणी नाही. लिफ्ट बंद. गॅलरीतून पाहिलं तर भर उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझे तोवर सहा भाग वाचून झालेले. मला कळायचं ते कळलं. नमाज पढणारी शहनाझसुद्धा गेली आणि रोज रोजरी म्हणणारी मी राहिले. मग मी काय केलं? शहनाझचा गॅस बंद केला, दूध पुसलं. घरी येऊन दोन वाट्या तांदूळ धुतले, एक माझी, एक माझ्या मुलीची. माझी मुलगी मिस्सेला देवळात जात नाही, तेव्हा ती राहिली असणारच, सातला घरी येणारच. तिला दार उघडायला घरात कोणीतरी आहे, या विचाराने मला बरं वाटलं. मला फार बरं वाटलं. थोड्या वेळाने माणसं जिन्याने हसत वर आली. बिल्डिंगमध्ये आगीची प्रॅक्टिस होती, मागच्या पार्किंगमध्ये सगळे जमले होते. मीही हसले. पण तांदूळ धुताना वाटलं ते खोटं नव्हतं. तुतारी वाजली तर मी प्रभूला सांगणार आहे, जरा थांब, माझी मुलगी यायची आहे. तोही आईच्या पोटचा आहे, समजेल त्याला. नववा भाग मी पाचपैकी दोन तारे देऊन बंद करते. दोन, कारण छपाई चांगली आहे.'

शेजारच्या सीटवरच्या माणसाने एअर होस्टेसला बोलावून जोआनाला पाणी द्यायला सांगितलं. तिला त्या दिवसाचा भात आठवत होता का? आठवत नव्हता. जूनमधल्या कुठल्या तरी दिवशी ती सातला घरी आली असेल, पर्स टाकली असेल, भात का एवढ्या लवकर केलास, गार झाला, असंही म्हणाली असेल. आठवत नव्हतं आणि आठवलं असं स्वतःला पटवायची तिची तयारी नव्हती. ऑफिसात तिने हे सगळं फक्त हेमाला सांगितलं. हेमाने तिचा दंड घट्ट धरला. "तिला माहीत असणार यार. आयांना सगळं कळतं. तिला माहीत होतं तो तूच आहेस, म्हणून तर लिहिलं." जोआनाला क्षणभर वाटलं, घ्यावं हे, कोणी देतंय तर घ्यावं. मग ती म्हणाली, "नाही गं. माहीत असतं तर तिने शब्द मला विचारले नसते. ती चीटिंग करणारी बाई नव्हती. तिला माहीत नव्हतं." हेमाचा हात तसाच राहिला. जोआनाला ते असंच हवं होतं, गुळमुळीत नको. मम्मीने एका परक्या माणसाला खरं सांगितलं होतं आणि तो परका माणूस खोटा होता. हे असंच होतं आणि असंच राहणार होतं.

ती परत आली आणि पानावर गेली तर तो अभिप्राय नव्हता. खोर फक्कानवाल्याचे सगळे अभिप्रायही नव्हते. मम्मीची उत्तरं तेवढी होती, रांगेने, कुणालाच न दिलेली. 'दंतवैद्याबद्दल आपण काहीच म्हटलेलं नाही.' कोणी? कोणाला? नव्या माणसाने वाचलं तर वाटावं, म्हातारी स्वतःशीच बडबडत होती. जोआनाने स्टॅनलीला फोन केला. "ते ना जोआना, आम्ही डिसाइड केलं," तो म्हणाला, आवाज इतका मऊ की तिला उशीत बोलल्यासारखं वाटलं. "त्या माणसाला ब्लॉक केला. टीचर शेवटी शेवटी जरा डळमळल्या होत्या, तुला जाणवलं असेल. त्याच्या नादाने. ते लास्टवालं वाचून लोकांना वाईट वाटलं असतं. त्यांची महिन्याची प्रार्थना आहे ना शनिवारी, आम्ही बुकलेट करतोय, टीचरांचे अभिप्राय. त्यात घेतलं नाही ते. एवढ्या विश्वासू बाईची शेवटची आठवण अशी नको." "कशी?" "अशी, म्हणजे... प्रभूला थांब म्हणणारी." जोआनाने खिडकीतून खाली पाहिलं. बर्शाच्या रस्त्यावर शाळेची बस उभी होती आणि एक बाई मुलीची वेणी धावत्या हाताने घालत होती. बोलायला आत्ताच जागा होती. फोनवर, दोघांतच, सोपं. ती म्हणाली, "शनिवारी किती वाजता?"

चार वाजता. स्टॅनलीच्या हॉलमध्ये पंचवीसेक माणसं, सोफे भिंतीला सरकवलेले, बायका खाली चटईवर, मम्मीचा फोटो टेबलावर, त्याला मोगऱ्याचा गजरा. फोटो पासपोर्टवरून मोठा केलेला, त्यामुळे मम्मी जरा घाबरल्यासारखी दिसत होती. स्टॅनलीची बायको लुर्डीन प्रत्येकाच्या हातात ते बुकलेट देत होती, गुळगुळीत कागद, वर जांभळे ढग. जोआनाने पानं उलटली. उत्तरं, उत्तरं, एकही प्रश्न नाही. शेवटच्या पानावर नुसतं छापलं होतं: 'हाक येताच निघण्यास सदैव तयार.' रोजरी झाली, दोन गाणी झाली. जोआनाचे ओठ शब्दांबरोबर हलत होते, ते तिला लहानपणापासून पाठ होते आणि त्यांच्याशी तिचं काही भांडण नव्हतं. समोर बसलेल्या या बायकांनीच वसईला फोन करून फुलांचं पाहिलं होतं. या माणसाने पेटीचं कापड निवडलं होतं. उपकार घशात घासासारखे अडकतात, गिळले तरी जाणवत राहतात. आणि तरी तिला लख्ख कळत होतं की आज ती गप्प बसली तर मम्मीचं शेवटचं बोलणं कायमचं कुणा क्रेनवाल्याची चूक होऊन बसेल, जो माणूस कधी नव्हताच; आणि जी बाई आयुष्यभर प्रत्येक वाक्य स्वतः तोलून लिहीत आली ती या खोलीत एक भोळी, कुणाच्याही नादाला लागणारी म्हातारी म्हणून उरेल. मेलेल्या माणसाजवळ शेवटी असतं काय? त्याचं मत.

"आणि शेवटची विनंती," स्टॅनली उभा राहून म्हणाला, "आपल्या टीचरांना ज्याने त्यांच्या शेवटच्या दिवसांत त्रास दिला, संशयात टाकलं, त्या भरकटलेल्या बांधवासाठीही एक क्षण. प्रभू त्याला क्षमा करो. खोर फक्कान इथला..."

"ब्रदर, त्याच्यासाठी नको," जोआना म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "तो मी आहे."

कोणाला काही कळलं नाही. "काय म्हणते ती?" मागून एका म्हाताऱ्या काकींनी विचारलं. लुर्डीन म्हणाली, "अगो, तो बाप्या होता ना?" आणि दोघीतिघी नको असताना हसल्या.

"बाप्या वगैरे कोणी नाही. खोर फक्कानला मी एकदाच गेलेय, कांद्यासाठी. ते सगळं मी लिहिलं. अकरा महिने. मम्मीच्याच घरात बसून."

"जोआना," स्टॅनली पुढे आला, हात थोडे पसरून, "तू दुःखात आहेस. बस. आपण नंतर बोलू."

"बसणार नाही. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, पण बसणार नाही. तुम्ही तिचं शेवटचं पान काढलंत."

"टीचरांच्या भल्यासाठी. त्या कन्फ्यूज झाल्या होत्या."

"ती? तिने माझे पेपर तपासले हो अकरा महिने! मी एकदाही तिला जिंकू शकले नाही. मी विचारलं ते तिला अडवायला, आणि तिने उत्तर दिलं. तिचं स्वतःचं. त्यात माझा फक्त एक शब्द आहे, तोही तिने मागितला म्हणून." तिचा आवाज कापत होता आणि तिने तो कापू दिला. पर्समधून घडी केलेला कागद काढून तिने तो अभिप्राय वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळींना कुणीतरी घसा खाकरला. दूध पुसलं तिथे लुर्डीनने पदर तोंडाला लावला. 'जरा थांब, माझी मुलगी यायची आहे' हे वाचताना स्टॅनलीने डोळे मिटले. कशाने, ते जोआनाला कळलं नाही आणि तिने तिकडे पाहिलंही नाही. छपाईच्या दोन ताऱ्यांना मागच्या काकी मोठ्याने हसल्या आणि लगेच रडायला लागल्या.

"पण हे असं सगळ्यांसमोर..." स्टॅनली हळू म्हणाला. "आम्ही सगळे म्हणतोय, टीचर तयार होत्या. त्याने धीर येतो, जोआना. तुलाही यायला पाहिजे."

"मला नाही येत."

"मग काय म्हणायचं आम्ही?"

"ती तयार नव्हती म्हणा," जोआना म्हणाली. तिने कागद खाली केला होता आणि ती आता या पंचवीस जणांकडे बघत नव्हती, त्या मोठ्या केलेल्या, घाबरट फोटोकडेही नाही. "माझी मम्मी जायला तयार नव्हती. तिला कोणी विचारलं नाही. आणि ऑगस्टमध्ये तिने मला विचारलं होतं, राहू की जाऊ, तेव्हा मी म्हटलं, तुझी इच्छा. इच्छा माझी होती. मम्मी, मला तू हवी होतीस. इथे, माझ्या घरात. मला तू जायला नको होतीस."